काच पुसू नये

मी, धुक्याचे फोटो काढणारी बाई, वय एकसष्ट, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर भीतीखेरीज कोणाचंही दडपण नाही. उद्या छातीचं ऑपरेशन आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव माझ्या यजमानांची. पहाटेच्या ओल्या गवतातून माझा स्टँड त्यांनीच वाहिला, कुरकुरत का होईना.

२. कॅमेरा भाचीला. बटण दाबण्याआधी लेन्सवर तोंडाची वाफ सोडायची आणि ती विरू लागली की फोटो घ्यायचा. नदी, टेकडी, झाडं मऊ होतात. पलीकडचा काठ नीट दिसत नाही, म्हणूनच बघणारा रेंगाळतो आणि आपल्या मनातला काठ तिथे ठेवतो. माझी सगळी कला एवढीच. आता मला तेवढाही श्वास पुरत नाही.

३. धाकट्या भावाचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. "ताई, आधी काच पुस," हे त्याचं माझ्या कलेबद्दलचं मत. माझा नदीचा फोटो त्याने मला न विचारता कॉम्प्युटरवर लख्ख केला. "बघ, पान न् पान मोजता येतं!" तो फोटो त्यालाच द्यावा. बाकीच्या फोटोंना त्याने बोट लावू नये.

४. छातीचा एक्स-रे माझ्या फोटोंत ठेवू नये. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, तर उजवीकडे मऊ, पांढुरका ढग. "उघडल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. जन्मभर मला हेच धूसरपण आवडलं, आणि तिथे मात्र ते नकोसं झालं. मला पलीकडचा काठ आत्ताच्या आत्ता बघायचाय. फार भीती वाटतेय.

५. काल यजमान सगळे अल्बम पसरून बसले होते. "काय शोधताय?"

"तुझा फोटो. तू यात कुठेच नाहीस गं."

खरंच नाही. मी कायम कॅमेऱ्यामागे. म्हणून आज दुपारी भावाच्या स्टुडिओत जाऊन मी एक फोटो काढून घेणार आहे. तो यजमानांचा. त्यात सुरकुत्या दिसाव्यात, भीती दिसली तरी चालेल.

भावाला फोन केला. दुपारची वेळ त्याने लगेच दिली. मग म्हणाला, "ताई, तुला आवडतो तसा, जरा धूसर काढू?"

"नको रे. काच पुसून ठेव."

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल.
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सकाळी.
सही: (थरथरली आहे, पण माझीच आहे.)
साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका, वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाई. भाऊ वाटेकरी असल्याने त्याची सही घेतलेली नाही.