भाईंचा आवाज उपलब्ध नाही

२ ऑक्टोबर, दसरा

आज आईला वाट्टेल ते बोलले. त्याचं मला काही वाटत नाही!

पाटावर कोयता, जाळं विणायची सुई, माझी स्कूटरची चावी आणि भाईंचा कॉम्प्युटर. हळदकुंकू, झेंडू. इथवर ठीक. मग आईने नारळ फोडला आणि पाणी थेट कीबोर्डवर ओतलं. चमचाभर नाही, अख्ख्या नारळाचं! "होडयेर घालतत, गाडयेर घालतत, मगे हेच्यार कित्याक नको?" फट् असा आवाज झाला आणि सगळं काळं.

मे महिन्यात भाईंचं स्वरयंत्र काढलं. त्याआधी एप्रिलभर बसून मी भाईंकडून, माझ्या बापाकडून, साडेपाचशे वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. त्यावरून एक प्रोग्राम, भाई टाईप करतील ते, त्यांच्या आवाजात बोलतो. चार महिने ते चहासुद्धा त्यावर मागत होते. आवाजाची फाईल पेनड्राईव्हवर सुखरूप आहे. पण नुसती फाईल बोलत नाही.

आणि २४ नोव्हेंबरला जत्रा. देवासमोर उभं राहून अख्ख्या गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. चाळीस वर्षं भाई मागत आले आणि गाव "होय महाराजा!" म्हणत आला. यंदाही भाईंच्याच आवाजात होईल. मी करून दाखवीन.

६ ऑक्टोबर, सोमवार

मालवणला गुरुप्रसादच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात गेले. त्याने खोलून दाखवलं. बोर्ड आधीच खाऱ्या हवेने हिरवा पडलेला, नारळाच्या पाण्याने वर तुळशीपत्र ठेवलं. "ह्या काय आता उठणा नाय." आठ वर्षांचा होता म्हणे, आयुष्य झालं. जसं काही तेराव्यालाच बसलाय!

आईशी बोलत नाही. जेवण ताटात वाढते, मी उचलून पडवीत नेते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सर्वेश मुंबईहून आला. ओवाळणीत नवाकोरा कॉम्प्युटर! पातळ, हलका, चार्जिंग दोन दिवस टिकतं. मला रडू आलं. दादाला म्हटलं, तू माझा देव आहेस. लिहून ठेवते, कारण पुन्हा म्हणेन असं वाटत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मागे घेते. देव नाही, उंटावरचा शहाणा.

सकाळी जुने सगळे प्रोग्राम घालायला इन्स्टॉलर लावला. निळी पट्टी निम्म्यावर गेली, थांबली, आणि यादी आली. "खालील अॅप्लिकेशन्स या कॉम्प्युटरच्या आर्किटेक्चरसाठी उपलब्ध नाहीत." एक, प्रिंटरचं काहीतरी. दोन, जुना कीबोर्ड. तीन, आवाजाचा प्रोग्राम. खाली एकच बटण: ठीक आहे. काय ठीक आहे? दुसरं बटणच नाही! माणसाने दाबायचं आणि गप्प बसायचं.

गुरुप्रसादला फोन केला. म्हणे याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, मोबाईलमध्ये असतो तसला. जुने प्रोग्राम त्याला चालत नाहीत. म्हणजे इथेही सोयरीक जात बघून!

सर्वेशला विचारलं, घेताना एक फोन करायला काय झालं होतं? "लेटेस्ट आहे गं, दुकानदार म्हणाला सगळं चालतं." परत करता येणार नाही, मुदत गेली. नाकापेक्षा मोती जड. साहेब रात्रीच्या गाडीने परत गेले.

भाई पाटी घेऊन पुढे आले होते, काहीतरी लिहीत. म्हटलं, थांबा भाई, आधी ह्याचं बघू दे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आवाजाच्या प्रोग्रामच्या कंपनीला लिहिलं. उत्तर दोन मिनिटांत आलं, म्हणजे माणसाने लिहिलेलं नव्हतं. "आपली विनंती नोंदवून घेतली आहे." जत्रा देवाची आहे, तुमच्या नोंदीची वाट बघत थांबणार नाही — हेही लिहिलं. त्याचीही नोंद झाली.

३ नोव्हेंबर, सोमवार

देवबागच्या ऑफिसात, जिथे मी स्कूबाची बुकिंग घेते, तिथला कॉम्प्युटर वापरून बघितला. अजयदादा मालक, त्यांनी आढेवेढे घेत परवानगी दिली. पुन्हा तीच यादी! हा म्हणे बत्तीस बिटांचा, प्रोग्रामला चौसष्ट हवेत. घरचा फार नवा, इथला फार जुना. डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. समोर पुण्याचं एक कुटुंब डॉल्फिन नक्की दिसतील का विचारत होतं. दिसतील, म्हटलं. न दिसायला काय झालं!

८ नोव्हेंबर, शनिवार

धनेश! माझा चुलत भाऊ, शेजारचंच घर. काल संध्याकाळी त्यांच्या माडाखाली उभा राहून गाऱ्हाणं पाठ करत होता. मोठ्याने, हातवारे करून. कुंपणाशी गेले.

"आयत्या बिळावर नागोबा व्हायची घाई झाली काय रे?"

तो लाल झाला. "काकाक विचार," एवढंच म्हणाला आणि आत गेला. काकाला विचार! ज्याला बोलता येत नाही त्याचं नाव पुढे करायला लाज वाटत नाही. याच्या बापाने दोन माड हडप केले, हा मान हडप करायला बसलाय. रक्तच तसलं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गो, भाईंका एकदा विचार तरी." महिन्याने तोंड उघडलं ते यासाठी! मी म्हटलं, तू तर नारळच फोड.

भाई पडवीत बसून होते. मांडीवर पाटी. मी यादीचे फोटो काढून गुरुप्रसादला पाठवत होते, अकरा वाजून गेले, ते कधी झोपायला गेले कळलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

देवळात गावकीची बैठक होती. बायका जात नाहीत. मी गेले.

विठोबा आजोबा सगळ्यांत वडील, त्यांनी विचारलं, गाऱ्हाण्याचा काय ता ठरवूया. कोणीतरी धनेशचं नाव घेतलं. मी उभी राहिले. म्हटलं, भाई जिवंत आहेत, त्यांचा आवाज माझ्याकडे आहे, आठ दिवसांत कॉम्प्युटर आणते. कोणी हसलं. "डबो गाऱ्हाणा घालतलो?" मग माझा तोल गेला. भर देवळात धनेशला चोर म्हटलं. आजारी माणसाचा मान चोरणारा चोर! पंधरा-वीस माणसं होती.

धनेश खाली बघत बसला. ज्याचं पोट दुखतं तोच खाली बघतो.

शेवटी विठोबा आजोबा म्हणाले, "चेडवाक आठ दिवस देवया. कॉम्प्युटर इलो तर भाई, नायतर धनेश." जिंकले!

१९ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही. कुडाळपर्यंत विचारून झालं. सगळीकडे एक तर फार नवे नाहीतर फार जुने.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मिळाला! कणकवलीचं एक सायबर कॅफे बंद झालं, गुरुप्रसादने तिथून उचलला. तो स्वतः घेऊन आला, बिचारा, मी त्याला काय काय बोलले होते. माउसला वायरचं शेपूट, स्क्रीनच्या कोपऱ्यात डाग. पण जात बरोबर!

इन्स्टॉलर लावला. पट्टी निम्म्यावर गेली. मी डोळे मिटले. उघडले तर यादी नाही. काहीच अनुपलब्ध नाही! पेनड्राईव्ह घातला. चाचणीचं वाक्य आपोआप वाजलं: "आज समुद्र शांत आहे." भाईंचा आवाज. दीड महिन्याने. आईच्या हातातली पळी खाली पडली.

मी मुद्दाम खिडकी उघडली. धनेशला ऐकू जाऊ दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

भाईंपुढे कॉम्प्युटर ठेवला. म्हटलं, उद्याचं गाऱ्हाणं एकदा म्हणून दाखवा. एका बोटाने टाईप करत बसले, बराच वेळ. मग आवाज आला, जसाच्या तसा:

"मान धनेशाक मीच दिलंय. ऑपरेशनाच्या आदल्या दिवशी, गळ्याची आण घालून, मी सांगल्याशिवाय कोणाक सांगू नको म्हणान. देवाक माझो आवाज नको, तेका सगळा कळता. आवाज घरात बोलूक भरलेलो. तुका दीड महिनो सांगूक बघतंय गो."

धनेशच्या घरी दिवा आहे. मी दोनदा कुंपणापर्यंत गेले आणि परत आले.