कापशी शेळी उद्यानात परत घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
काळदरा वन्यप्राणी उद्यान,
मु. पो. काळदरा, ता. जि. बीड.

अर्जदार : मन्मथप्पा गुरुलिंगप्पा मिटकरी, धंदा किराणा व भुसार, रा. काळदरा.

विषय : शेळी परत मिळण्याबाबतचे माझे सर्व अर्ज रद्द समजून तीच शेळी उद्यानात दाखल करून घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे सर्व अर्ज.
२) ते मंजूर झाल्याचा आपला आदेश, जो मला काल मिळाला.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, माझी शेळी मला परत द्यावी ही मागणी मी दीड वर्षापासून आपल्या कार्यालयाकडे करीत होतो. ती आपण मान्य केलीत, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. आता ती शेळी कृपा करून परत घ्यावी. अर्जदाराचे डोके ठिकाणावर नाही असा आपला समज होऊ शकतो, म्हणून हकीकत पहिल्यापासून मांडतो. आपण या उद्यानात नंतर रुजू झालात, त्यामुळे सुरुवातीचा भाग आपल्या कानावर नसावा.

सन १९९६ च्या उन्हाळ्यात उद्यानाच्या नव्या कमानीचे उद्घाटन झाले. त्या वेळी लावलेल्या बँडने बिथरून एक चिंकारा हरणी जाळीवर आदळली व मरण पावली. तिचे नुकते जन्मलेले पाडस मागे राहिले. उद्यानाचा पहारेकरी सटवा दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आला. तो म्हणाला, "अप्पा, बाटलीला त्वांड लावंना ते. तुमची शेळी ताजी व्यालेली हाय. आठ दिस द्या, न्हाईतर जातंय बगा पाडस."

शेळी माझी म्हणत असलो तरी ती माझी पत्नी सौ. शिवगंगा हिची आहे. अंगाने कापसासारखी पांढरी म्हणून तिचे नाव कापशी. माझ्या मुली सासरी गेल्यावर शिवगंगा दिवसभर जे बोलते ते कापशीशीच बोलते, मला त्यातले उरलेले मिळते. मी सटव्याला नाही म्हणण्याच्या बेतात होतो. ती आतून म्हणाली, "लेकरू हाय ते. कावून न्हाई म्हन्ता? न्या बाबा." तिने स्वतः कापशीला उद्यानात नेले. तिने पाठीवरून हात फिरवून सांगितल्याशिवाय कापशीने पाडसाला जवळ येऊ दिले नाही. मग मात्र दिले. त्या वेळचे साहेबही तिथे उभे होते, त्यांनी डोळे पुसले. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली आणि आपण आलात.

पाडस जगले. आठ दिवसांनी मी शेळी मागितली तेव्हा ते दूध सुटेपर्यंत थांबा असे सांगण्यात आले, ते योग्यच होते. दूध सुटल्यावर मी पुन्हा आलो. तेव्हा आपण मला खुर्ची दिलीत, चहा दिलात व म्हणालात, "मिटकरी, शेळीची नोंद 'आगमन' या सदरात झाली आहे. आलेला प्राणी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बाहेर सोडता येत नाही." मी म्हणालो, मग परवानगी मागवा. आपण म्हणालात, "वन्यप्राणी सोडण्याची परवानगी मागण्याचा नमुना आहे. शेळी वन्यप्राणी नाही, तिच्यासाठी नमुना नाही." मी चहा संपवून परत आलो. घरी हे शिवगंगेला समजावून सांगता सांगता माझे जेवण राहिले. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणे जवळजवळ बंद केले.

दरम्यान कापशीला उद्यानातच जुळी करडे झाली. त्यांच्या पित्याबद्दल आपल्या अहवालात उल्लेख नाही. गावात तो सर्वांना माहीत आहे, तो सटव्याच्या मेव्हण्याचा बोकड आहे व जाळी त्याला कधीच अडवू शकलेली नाही. परंतु त्या वर्षी उद्यानात दुसरा कोणताच जन्म झालेला नसल्याने वरिष्ठांनी आपले अभिनंदन केले असे ऐकिवात आले. आपल्या आनंदात मला विघ्न आणायचे नव्हते, म्हणून तो महिना मी अर्ज केला नाही.

पुढे उद्यानांनी आपले उत्पन्न आपणच वाढवावे असे नवे धोरण आले. दुसऱ्या जिल्ह्यातून बिबट्या येणार म्हणून पिंजरा बांधला गेला. एका थंड पेयाच्या कंपनीने त्यावर आपला रंगीत फलक लावला. बिबट्या आला नाही. फलक लागलेला, पिंजरा रिकामा, आणि लोक तर तिकीट काढून येऊ लागलेले. अशा अडचणीत आपण कापशीला व तिच्या करडांना त्या पिंजऱ्यात हलवलेत व पुढे पाटी लावलीत : 'पहाडी बकरी. मूळ स्थान हिमालय. स्वभाव लाजाळू.' आपली अडचण मी समजू शकतो. पण तेलगावच्या शाळेची सहल आली तेव्हा गुरुजींनी मुलांना ते वहीत उतरवून घ्यायला लावले, हे मला बरे वाटले नाही, व तशी लेखी हरकत मी घेतली होती.

त्या दिवसांत माझी पत्नी दर सोमवारी लिंबागणेशला देवदर्शनाला न जाता, जो तिचा नेम होता, तिकीट काढून स्वतःच्याच शेळीला बघायला येऊ लागली. ती जाळीशी उभी राहून "कापशे" अशी हाक मारी, आणि हिमालयातील लाजाळू प्राणी ओरडत धावत येऊन तिचा पदर चघळू लागे. बघणारे टाळ्या वाजवत. एका गृहस्थाने आपल्या मुलाला सांगितले की बाईंना पहाडी भाषा येते. त्यानंतर 'प्राण्यांना नावाने हाक मारू नये' अशी दुसरी पाटी लागली. ती वाचून शिवगंगा घरी आली आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी एक पूर्ण वाक्य बोलली, "मी आता हाकबी मारायची न्हाई व्हय?"

मी आपल्याकडे धावलो. आपण सहानुभूतीने ऐकलेत व प्राणी दत्तक योजनेचे पत्रक हातात दिलेत. आपले म्हणणे, एवढी आपुलकी आहे तर दत्तक घ्या, प्रमाणपत्र मिळेल. मी पत्रक घरी नेले. शिवगंगा म्हणाली, "माजीच शेळी मी दत्तक घिऊ? उद्या तुमालाबी दत्तक घे म्हन्तील." तरीही मी घेतली. पिंजऱ्यावर माझे नाव लागले. प्रमाणपत्रावर हिमालयाचे चित्र आहे, ते दुकानात लावले आहे. गिऱ्हाईक विचारते, मी वजन करण्याकडे लक्ष देतो.

या सर्व काळात एकाच जिवाने माझ्यापेक्षा जास्त तक्रार केली असेल, तर ती त्या पाडसाने. ते आता मोठी हरणी झाले होते. कापशीला पिंजऱ्यात हलवल्यापासून ती बाहेरच्या बाजूने जाळीला अंग लावून उभी राहू लागली. बाकीचा कळप चरायला गेला तरी ती तिथेच. सटव्याने पाला तिथे नेऊन टाकला तरच खायची. तिला हाकलणारी पाटी मात्र लागली नाही, कारण ती वाचणार नव्हती.

गेल्या पंधरवड्यात पाण्याचा टँकर मागे घेताना पिंजऱ्याला धडकला व पुढे उद्यानाची जाळी फाडून थांबला. भर दुपारी कापशी पिंजऱ्यातून आणि नंतर उद्यानातून बाहेर पडली, करडांना घेऊन उतार उतरली, पेठेतून सरळ चालत आली व माझ्या दुकानातल्या कोंड्याच्या पोत्यात तोंड घालून उभी राहिली. मी पत्नीला हाक मारली. ती धावत आली, कापशीच्या गळ्यात पडली, आणि तशीच थबकली. समोर बोळाच्या तोंडाशी हरणी उभी होती. "अवं, ह्ये आपलं पाडस," असे ती हळूच म्हणाली. हरणी बिचकत बिचकत आली व कापशीच्या पलीकडे जाऊन बसली.

लगेच आपण जीप व जाळे घेऊन आलात. जीप दिसली की हरणी रानात पसार होई आणि जीप गेली की परत कापशीजवळ येई. आपण मला दोन गोष्टींबद्दल नोटीस दिलीत, सरकारी शेळी पळवली आणि कायद्याने संरक्षित असलेला वन्यप्राणी घरी ठेवला. मी तिला बांधले नव्हते. पण दुकानदाराच्या अंगणात हरणी रवंथ करीत बसलेली असताना तिला मी ठेवले नाही हे कोणाला पटवून देणार? मी वकील शोधायला बीडला जाण्याची तयारी केली. अशा वेळी काल आपला आदेश आला, त्यात शेळी पाळीव प्राणी असल्याचे स्पष्ट झाल्याने ती करडांसह मूळ मालकास देण्यात येत आहे असे नमूद आहे. म्हणजे मी शेळीपुरता सुटलो. मी पेढे आणले. शिवगंगेने कापशीच्या गळ्यात नवे घुंगरू बांधले आणि मला ताटात गरम भाकरी वाढली. दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही दोघे एकत्र हसलो.

आज सकाळी गावच्या कुत्र्यांनी हरणीला ओढ्यात गाठले.

आरडाओरडा ऐकून शिवगंगा अनवाणी पळाली. माझ्या पत्नीचे वय झालेले आहे व गुडघे दुखतात, तरी ती काठी घेऊन कुत्र्यांच्या मध्ये शिरली. मी पोहोचलो तेव्हा हरणीची मांडी फाटलेली होती आणि ती थरथरत शिवगंगेच्या मागे उभी होती. एरवी ती माणसाला अंगाला हात लावू देत नाही. आज दिला. जखमेत हळद भरताना शिवगंगेचा हात तिच्या पोटावरून गेला आणि तिथेच राहिला. "गाभन हाय ही," ती म्हणाली. "हितं व्याली तर कुत्री ना हिला ठिवनार, ना लेकराला." मग ती काही वेळ कापशीकडे बघत बसली. तिने कापशीच्या गळ्यातले घुंगरू सोडून कमरेला खोचले व उठली. "चला. कापशीला वर नेऊन घालू, म्हंजी हरनी जाईल मागं."

मी आदेशाची आठवण दिली. मोठ्या मिनतवारीने मिळाला आहे, असे म्हणालो. ती म्हणाली, "तुमी वाचा बसून त्यो. मी चालले."

अशा रीतीने करडे घरी ठेवून आम्ही आपल्या फाटकाशी आलो आहोत. आपण बैठकीसाठी बीडला गेला आहात, असे समजले. आपल्या लिपिकांनी कालच्या आदेशाची प्रत दाखवून सांगितले की पाळीव प्राण्यास उद्यानात मनाई आहे, हरणीला मात्र फाटक उघडे आहे. फाटक उघडून पाहण्यात आले. सटव्याने पाला दाखवला. हरणी लंगडत एक पाऊल आत गेली, मागे वळून कापशीकडे पाहिले व परत बाहेर आली. लिपिकांनी अर्ज करण्यास सांगितले. म्हणून तिकीट खिडकीच्या फळीवर कागद ठेवून हा अर्ज लिहीत आहे.

तरी विनंती की, सदर शेळी वाटेल त्या नावाने दाखल करून घ्यावी. हिमालयातील म्हणून घेतल्यास अर्जदार आपली पूर्वीची हरकत मागे घेत आहे. होणारे पाडस आपल्या अहवालात जन्म म्हणून दाखवावे, तो खराच जन्म असेल. कापशीवर अर्जदार पुन्हा कधीही हक्क सांगणार नाही, व त्याच्या पत्नीने तसे तोंडी सांगितले आहे. हे सांगताना तिने तोंड दुसरीकडे फिरवले होते, ते विचारात घेऊ नये.

आपल्या फाटकाबाहेर उभा असलेला, आपला नम्र,

मन्मथप्पा गुरुलिंगप्पा मिटकरी
काळदरा, दि. ११ मार्च १९९८

सोबत : १) शेळी परत दिल्याच्या आदेशाची प्रत. २) शेळी, एक. ३) हरणी, जखमी.

ता. क. : वरील मजकूर लिहून होईपर्यंत लिपिक जेवायला गेले. फाटक कोणी उघडले हे मी पाहिले नाही, मी सही करीत होतो. मान वर केली तेव्हा शेळी आत होती, तिच्यामागे हरणी आणि हरणीमागे माझी पत्नी. त्या तिघी लिंबाखाली बसल्या आहेत. हरणीने व्यायची जागा करण्यासाठी जमीन उकरायला सुरुवात केली आहे. पाडस उभे राहीपर्यंत मी उठणार नाही, बाहेर काढायचे तर तिघींना मिळून काढा, असे शिवगंगेने जाळीतून कळवले आहे, व तिने मला पाणी आणि चादर घेऊन आत बोलावले आहे. मी जात आहे. या अर्जाचे उत्तर दुकानाच्या पत्त्यावर न पाठवता उद्यानाच्याच पत्त्यावर द्यावे.