खाऱ्या वाऱ्यापासून जपलेला रेडिओ

अहो बाळूचे बाबा,

एकाच घरात राहून आपण एकमेकांना पत्रं कशाला लिहिणार होतो? पण आज लिहायला बसले. नारळी पौर्णिमा झाली आणि उद्या आपला बाळू पहिल्यांदाच समुद्रावर जातोय, माझ्या भावाच्या होडीवरून. त्याची पिशवी भरताना जे झालं ते तुम्हालाच सांगायला हवं.

वस्तू जपण्याचं तुमचं वेड काही वेगळंच होतं. हातातली बॅटरी विझवली की लगेच सेल बाहेर, आणि सकाळी ते उन्हात वाळत ठेवायचे, पापडासारखे. भावजींनी मुंबईहून आकड्यांचं घड्याळ आणलं, तर काचेवरचं प्लास्टिक तुम्ही शेवटपर्यंत काढलं नाहीत. आतले आकडे दिसेनात. वेळ विचारली की ऊन बघून सांगायचात!

मी चिडवायची, "देव्हाऱ्यात नेऊन ठेवा एकदा सगळं, मी रोज फुलं वाहीन." तुम्ही हसायचात आणि फडक्याने पुसत बसायचात. मलाही तेव्हा हसूच यायचं.

रेडिओही भावजींनीच आणलेला, खास होडीसाठी. "दादा, हवामानाच्या बातम्या ऐकत जा," असं बजावून गेले होते. तुम्ही तो एकदाच नेलात. परत आल्यावर त्याच्यावर मिठाचा थर बघून कितीतरी वेळ पुसत बसलात, मला लोकरीचं कव्हर विणायला लावलंत आणि तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिलात. मी विचारलं होतं, समुद्रासाठी आणलेली वस्तू घरात कशाला?

"अगो, खारा वारा लागला की आतल्या तारा कुजतात. आन् होडीवर काय गानी ऐकायची हायत?"

शेजारच्या दाजींच्या रेडिओला तुम्ही किती हसायचात! मागचं झाकण सायकलच्या ट्यूबने बांधलेलं, अंगावर माशांची खवलं चिकटलेली. असा ठेवतात का रेडिओ, म्हणायचात.

दिवाळीनंतरची ती दुपार. मी तांदूळ निवडत होते, फळीवर गाणी चालली होती. गाणं मध्येच थांबलं. वादळ येतंय, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी ताबडतोब किनाऱ्याला परतावं. कोणाला सांगत होता तो? चुलीजवळ बसलेल्या बाईला? मी सूप टाकून बंदरावर धावले. पाणी अजून शांत होतं. तिथून हाका मारून तुम्हाला काय ऐकू जाणार होतं? तरी मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.

दिवेलागणीला दाजींची होडी आली. ते माझ्याकडे बघेनात. "वयनी, आमी रेडिओवर ऐकला नि फिरलो. तुमची होडी लांब व्हती. बावटा हलवला, पन त्यांना दिसला नाय."

तुमच्या अंगावरचा शर्टसुद्धा माझ्या हाती लागला नाही. तुमच्याबरोबर दोघे खलाशी गेले. त्यांच्या बायका मासळीच्या लिलावात भेटतात. त्या काही बोलत नाहीत, मीच मान खाली घालते. रेडिओ मात्र नवा कोरा आहे, एक चरा नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला राग येतो. एवढे हिशेबी तुम्ही, आणि जपायचं काय हे कसं कळलं नाही तुम्हाला?

माझ्या भावाच्या होडीवर रेडिओ नाही. म्हणून आज तो मी बाळूच्या पिशवीत घातला. त्याने काढून परत फळीवर ठेवला. "आये, बाबांची येवढीच आठवन हाय. खराब होल." असं म्हणून शर्टाच्या टोकाने त्याची काच पुसली, थेट तुमच्यासारखी.

मग मी उठले. लोकरीचं कव्हर कात्रीने कापलं, चुलीत टाकलं. नवे सेल घातले, झाकण रबराने आवळून बांधलं. पोराला म्हटलं, "ह्यो नेनार नसशील तर दर्यावर जाव नको." रेडिओ पिशवीत ठेवून तो अंगणात जाऊन बसला.

तुम्हाला आज वचन देते. तुमची आठवण म्हणून ह्या घरात एकही वस्तू मी जपून ठेवणार नाही. रेडिओ गंजू दे, त्याच्या तारा कुजू देत, चार महिन्यांत त्याचा आवाज जाऊ दे. मी दुसरा घेईन, मग तिसरा घेईन. बाळू मला एकच आहे.

तुमच्यावर अजून रागावलेली,
बाळूची आई