घंटागाडीतला आवाज

प्रति,
मा. ग्रामविकास अधिकारी साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, खारबांद,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

दिनांक : २० मे २०२५

अर्जदार : सौ. नर्मदा गुरुदास चिंदरकर, रा. खारबांद, खालची वाडी. धंदा : मालवणी मसाला व कोकमाचे आगळ.

विषय : घंटागाडीवर रोज सकाळी वाजणाऱ्या गाण्यातून अर्जदाराचा आवाज काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाने स्वच्छता स्पर्धेसाठी करून घेतलेले गाणे.
२) शेजारीण सौ. सावित्री हिची कुंपणावरून आलेली तोंडी तक्रार (वारंवार).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपणास नम्रपणे कळविते की,

१. अर्जदाराचा मुलगा चि. ओमकार हा हिप-हॉप या प्रकारातील स्वतंत्र कलाकार व निर्माता असून 'खारो वारो' या नावाने गाणी करतो. स्वतंत्र म्हणजे डोक्यावर कोणी कंपनी नाही. लिहिणारा तोच, ताल बसवणारा तोच, गाणारा तोच. ऐकणारी मात्र बरेचदा अर्जदार एकटी. रेकॉर्डिंग आमच्या माळ्यावर, कोकमांच्या पिंपाशेजारी, डोक्यावरून गोधडी घेऊन होते. मे महिन्यातसुद्धा. त्या वेळी घरात पंखा बंद, मिक्सर बंद, कोंबड्या झापाखाली. एकदा ऐन रेकॉर्डिंगात पाहुणे आले असता त्यांना चहा हवा की सरबत, हे खुणांनी विचारण्यात आले. ते पुन्हा आलेले नाहीत.

यात चाल कुठे आहे, असे अर्जदाराने सुरुवातीस विचारले होते. त्यावर मुलाने "आये, ह्या तालात बोलणा आसा" असा खुलासा केला. तालात बोलणे तर खालच्या वाडीतल्या सगळ्याच बायकांना येते, हे अर्जदाराने त्याच्या निदर्शनास आणून दिले. तेच चुकले.

२. कारण त्यानंतर मुलगा घरात मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून फिरू लागला. दरम्यान सावित्री हिने नारळाची सोडणे, म्हणजे वरची सालटे, आमच्या कुंपणात टाकली व अर्जदाराने तिला चार शब्द सुनावले. याच सुमारास आपल्या कार्यालयाने कचऱ्यावर गाणे मागितले. मुलाने ओला कचरा, सुका कचरा, हिरवा डबा, निळा डबा हे सर्व आपल्या सांगण्याप्रमाणे घातले. पण मध्ये मध्ये, ढोल थांबतो त्या जागी, अर्जदाराचा आवाज चिकटवला. तो मजकूर असा : "गो सावित्री, डोळे फुटले काय गो तुझे? उचल आधी, उचल! उचल आधी, उचल!"

आपण घाटावरून बदलून आलेले असल्याने आपणास तो सर्वसाधारण जनजागृतीचा वाटला व आपण "छान, लोकांच्या भाषेत आहे" असा शेरा मारून मंजूर केला. याबद्दल आपणास दोष नाही. सरपंचांना मात्र सर्व समजत होते. ते खिडकीकडे तोंड करून हसत होते, असे शिपायाकडून कळते.

३. सावित्री व अर्जदार यांचे भांडण चतुर्थीला मिटले होते. तिने करंज्या दिल्या, अर्जदाराने आगळाची बाटली दिली. परंतु गाडीचालक श्री. लवू हे रोज सकाळी गाडी नेमकी सावित्रीच्या बेड्यासमोर, म्हणजे कुंपणाच्या फाटकासमोर, उभी करतात, कारण वळायला जागा तेवढीच आहे. त्यामुळे मिटलेले भांडण रोज सकाळी नव्याने होते, तेही भोंग्यावरून. सावित्री डबा घेऊन येते, आपल्या नावाने उद्धार ऐकते, आणि कुंपणावरून म्हणते, "नर्मदा, आज तरी गप ऱ्हव गो!" अर्जदार त्या वेळी चुलीपुढे तोंड मिटून बसलेली असते. ती गप्पच असते, पण हे सिद्ध कसे करावे?

बाजारात अर्जदार मसाला घेऊन गेली की पोरे मागून "उचल आधी, उचल" करतात. मसुऱ्याला आंगणेवाडीच्या जत्रेत एका अनोळखी बाईने अर्जदाराला "किती गो?" एवढेच विचारले आणि अर्जदाराने भाव सांगताच ती ओरडली, "अगो, ही तीच! कचऱ्यावाली!" मसाला खपला, हे मान्य आहे. तरी पण.

४. मुलाच्या धंद्याचे काय झाले तेही सांगणे भाग आहे. त्याने स्वतःच्या मनाची नऊ-दहा गाणी इंटरनेटवर टाकली आहेत. ती कोणी ऐकत नाही. 'कचऱ्याचा गाणा' मात्र तोंडपाठ नाही असा माणूस गावात नाही. लग्नात त्याला बोलावतात आणि तेच गायला लावतात. वरमाला पडते आणि हा म्हणतो ओलो कचरो, सुको कचरो. मागच्या लग्नात नवरीच्या मामाने खूश होऊन त्याला कचऱ्याचा नवा डबा भेट दिला. त्या दिवसापासून तो माळ्यावर चढलेला नाही. माईक विकायला काढला आहे. दोडामार्गाकडून पोरे रोज गोव्यातल्या कंपनीत जातात, तिकडेच राहून त्यांच्याबरोबर एक जूनपासून जायचे त्याने ठरवले आहे. नोकरीला अर्जदाराची हरकत नाही. गोधडी मोकळी पडली आहे, त्याला हरकत आहे.

५. आता मूळ विनंतीकडे. सबब गाण्यातून अर्जदाराचा आवाज

इथपर्यंत लिहून झाले असता सकाळची गाडी आली, म्हणून अर्जदार उठून बाहेर गेली. बाहेर जे पाहिले त्यामुळे वरील विषयात बदल होत आहे. कागद दुसरा नसल्याने हाच पुढे चालवीत आहे. विषयाची ओळ खोडलेली समजावी.

६. अर्जदाराचे यजमान श्री. गुरुदास यांचे अर्धे आयुष्य होडीच्या इंजिनाशेजारी गेले. त्यात कान गेले. कानाचे यंत्र आणले आहे, पण "त्यात वारो भरता" म्हणून ते कपाटात असते. घरात त्यांच्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागतात, आणि अर्जदाराच्या हातात बहुधा पळी असते, त्यामुळे त्यांचा गैरसमज होतो. मुलाच्या स्वतःच्या मनाचे एकही गाणे त्यांनी ऐकलेले नाही. माळ्यावरचा स्पीकर एवढासा, त्यांच्या कानापर्यंत पोचत नाही. पोरगा काय करतो असे कोणी विचारले तर ते सांगतात, "कचऱ्याच्या गाडयेत आसा." मुलगा हे ऐकतो आणि चपला घालून बाहेर पडतो.

तर आज गाडी आली तेव्हा यजमान पायरीवर बसले होते. गाण्यात अर्जदाराचा आवाज आला आणि ते हसू लागले. पोट धरून. लवूने सांगितले, "काकी, काका रोज हसतत. म्हणान तर मी हंय आवाज वाढवतंय." अर्जदार त्या वेळी रोज चुलीपुढे लाजून बसलेली असते, म्हणून तिला हे आजवर ठाऊक नव्हते. यजमानांना खुणेने विचारले, काय झाले? ते म्हणाले, "तुझो आवाज. बऱ्याच वर्सांनी ऐकूक येता. आणि माका नाय, दुसऱ्याक गाळी घालतंस, म्हणान बरो वाटता."

महोदय, ग्रामपंचायतीचा भोंगा हा यजमानांच्या कानापर्यंत पोचणारा गावातील एकमेव आवाज आहे. हे लक्षात यायला अर्जदाराला इतके दिवस लागले, याचे तिला वाईट वाटते.

७. तरी अर्जदार पहिली विनंती मागे घेत आहे. आवाज राहू द्यावा. फक्त 'सावित्री' हे नाव तेवढे पुसावे असे लिहिणार होती, म्हणून तिला कुंपणावरून विचारले. ती म्हणाली, "नाव काढलंस तर बघ! माझ्या म्हायराक सगळी माका त्याच गाण्यामुळे वळाखतत." सबब नावही राहू द्यावे. सोडणे मात्र तिने उचलावीत, ती परत पडली आहेत.

८. नवीन विनंती अशी. यजमानांची होडी विकली त्याच्या आदल्या दिवशी मुलाने तिचे इंजिन रेकॉर्ड करून ठेवले होते. आधी दोनदा खोकते, मग धरते, तसे. त्या इंजिनाचाच ताल करून त्याने बापावर एक गाणे केले आहे. त्यात कचरा नाही. अर्जदाराने ते ऐकले आहे व तिच्या मते ते चांगले आहे. परंतु अर्जदार आई असल्याने हे मत धरू नये, आपण स्वतः ऐकावे. गाडी सर्व वाड्यांचा कचरा घेऊन परत जाते तेव्हा भोंगा नुसताच बंद असतो. त्या परतीच्या फेरीत हे गाणे लावण्याची लवूस परवानगी मिळावी. मुलगा एक तारखेला कंपनीच्या पोरांबरोबर निघतो, त्याच्या आत एकदा तरी. बापाने ऐकल्यावरही मुलाला जायचेच असेल तर जाऊ दे, पण 'कचऱ्याच्या गाडयेत आसा' एवढेच मागे ठेवून जाऊ नये, इतकेच अर्जदाराचे म्हणणे आहे.

गाणे लावल्याने गावाची स्वच्छता कमी होणार नाही, याची हमी अर्जदार स्वतः घेते. कोणी कचरा टाकलाच तर तिचा आवाज आपल्याकडे आहेच.

आपली नम्र,
जिला आपण रोज सकाळी ऐकता ती,

(सही)
सौ. नर्मदा गुरुदास चिंदरकर

सोबत :
१) पेन ड्राइव्ह, लाल. त्यात एकच गाणे आहे, चुकण्याचा प्रश्न नाही.
२) सौ. सावित्री हिची संमती, सहीनिशी. ती दहावी पास आहे, हे लिहावे असा तिचा आग्रह.
३) लवूसाठी सूचना : परतताना गाडी आमच्या माडाखाली उभी करावी, भोंगा पायरीकडे. आवाज पूर्ण. इंजिन दोनदा खोकले की यजमान आपोआप उठून उभे राहतील. ते होडी शोधू लागले तर घाबरू नये, मुलाला घरातून बाहेर बोलवावे.