परीक्षेच्या दिवशी शेवाळाचं सूप

बोरा ताई,

तुझ्या वाढदिवसाचं सूप गॅसवर आहे, आल्यावर गरम करून घे. समुद्री शेवाळ जरा जास्तच भिजवलं गेलं, फुगून पातेल्याबाहेर यायला लागलं. हसू नकोस. उरलेलं फ्रीजमध्ये कोंबलंय, आठवडाभर तेच खावं लागणार.

पेपरात चिकटून राहावं म्हणून आईने मला पाठवलेली चिकट तांदळाची मिठाईही तिथेच आहे. ती तूच संपव.

सूप वाडगाभर कमी दिसेल. ते मी प्यायले. हो, ऐन परीक्षेच्या दिवशी. हे बुळबुळीत शेवाळ प्यायलं की पेपरात घसरायला होतं म्हणून आई दरवर्षी ऐन परीक्षांत येणाऱ्या तुझ्या वाढदिवसाला माझ्यापुढून वाडगा उचलते, तेच. छान झालंय. बऱ्याच दिवसांनी काहीतरी पोटात टिकलं.

मी पेपरला बसत नाहीये. पेपर सुरू होईल तेव्हा विद्यापीठातच असेन, पण समुपदेशन केंद्रात. तिसऱ्यांदा जातेय. आईला इतक्यात कळवू नकोस, आणि मला लगेच फोन करून रडू नकोस.

तिथल्या बाई दर वेळी विचारतात, घरी कुणाला सांगितलंस का. आज हो म्हणेन.

सोल्बी