खांद्यावरचा हात

शनिवार, संध्याकाळ

तुषारला जाऊन उद्या वर्ष होईल. त्याच्यावर लिहायचंय म्हणून पेपरातली बाई आली, तेव्हा मीच त्याच्या दहावीच्या वर्गाचा फोटो दिला. आज छापून आला. चेहरा मात्र निलेशचा, माझ्या भावाला भोसकणाऱ्याचा. त्याची गरिबी, त्याची चित्रकला, अर्धं पान भरून. तुषारला कापलंय. निलेशच्या खांद्यावरचा त्याचा हात तेवढा राहिलाय.

निलेश शेजारीच उभा आहे, हे मला दिसलं नव्हतं का? का दिला मी? चिडायचंही आता त्राण नाही.

आईने पेपरातल्या त्या हातावर बोट ठेवलं. "तेचोच हात हा गो. कापून ठेव."

कात्री घेऊन बसलेय. हात हवा तर निलेशचा खांदाही ठेवावा लागतोय.