मांजरांच्या राजाचा मुकुट

स्वेन्बोर्ग, ३ मार्च

चि. थोरवाल्ड यास गुद्रुनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघा बरा आहे, मन नाही. आमच्या वृद्धाश्रमात दर सोमवारी शाळेची मुलं येतात, तुला ठाऊक आहेच. माझ्या वाट्याला आस्ता आलीय. आठ वर्षांची, पुढचे दोन दात गायब, तरी तोंडाचा पट्टा अखंड चालू. ती आल्याशिवाय माझा आठवडा सुरूच होत नाही.

आज फास्टलाउनच्या सणासाठी मुलं सोंगं घेऊन आली होती, आणि खाऊ भरलेलं लाकडी पिंप जेवणाच्या हॉलमध्ये टांगलं होतं. पाळीपाळीने सोट्याने बडवून बडवून खाऊ केव्हाच सांडला होता, एकच फळी लोंबत होती. ती पाडेल तो मांजरांचा राजा. आधी माझी पाळी, मग आस्ताची. बेन्टे नर्सबाई कानात म्हणाल्या, की आजी, हळू मारा, पोरीला जिंकू द्या. मी हळूच मारणार होते रे! पण सोटा हातात आला आणि काय झालं कोण जाणे. फळी उडाली ती थेट पाद्रीबाबांच्या कॉफीत.

आता राजा मी, पुठ्ठ्याचा मुकुट माझ्या डोक्यावर. आस्ता गोगलगाय बनून आली होती. पाठीवरच्या शंखासकट ती निरोपही न घेता निघून गेली. नियमाने मीच जिंकले ना रे?

तुझ्या लोभाची आज जरा जास्तच गरज असलेली,
गुद्रुनताई


रोन्ने, ६ मार्च

ती. गुद्रुनताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो, की कवळी बशीत पडली. शहाऐंशीव्या वर्षी गोगलगाईला हरवलंस, धन्य आहेस! तुझी भावजय म्हणते, की ताईंनी आता बालवाडीत कुस्त्या लावाव्यात.

चेष्टा पुरे. मुकुट पुठ्ठ्याचा आहे, दुसरा करता येईल. आस्ता दुसरी कुठून आणशील? सोमवारी देऊन टाक, माफी माग.

राजेसाहेबांची कृपादृष्टी आम्हा गरिबांवर राहो.
थोरवाल्ड


स्वेन्बोर्ग, १० मार्च

चि. थोरवाल्ड यास अ. आ.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडले. आज आस्ता आली ती सरळ मॉर्टेनआजोबांजवळ जाऊन बसली. ते सदा झोपलेले, तरी तिला चालले! मी वॉकर ढकलत गेले, माफी मागितली, मुकुट पुढे केला. तिने हात पाठीमागे नेले. म्हणाली, की आयता मुकुट घ्यायला मी काय बाळ आहे? पाडून घेईन.

झालं! फळ्या दोरीने पुन्हा बांधल्या. बेन्टेबाई परत माझ्या कानाशी लागल्या. आस्ताने ते पाहिलं आणि सगळ्यांदेखत बजावलं, की आजी हळू मारणार असेल तर मी कायमची मॉर्टेनआजोबांची. मग हळू कशी मारू? असा जोर लावला, की नेम चुकला, गिरकी बसली आणि मी धपकन मॉर्टेनआजोबांच्या मांडीवर. ते जागे झाले आणि माझे आभारच मानू लागले. तेवढ्यात आस्ताने फळी पाडली.

मुकुट घालून ती माझ्याकडे आली. वाटलं, आता गळ्यात पडेल. तर म्हणे, की आजी, तू अगदी म्हातारीसारखी मारतेस. रोज सराव कर, पुढच्या सोमवारी परत खेळायचंय.

बेन्टेबाईंनी माझी उशी कॉरिडॉरमध्ये टांगून दिली आहे. भावजयीला आशीर्वाद सांग. लोभ आहे तसाच ठेव, आणि पत्र तोकडं वाटलं तर रागावू नकोस, सोटा वाट बघतोय.

तुझी,
गुद्रुनताई